आधी भाकर, मग प्रश्न

आजचं वाचन : १ राजे १९:१-१८
सोबत वाचा : १ राजे १७:१-१६



गेले काही दिवस आपण एलीयाचं आयुष्य वाचतोय. काल आपण कर्मेल डोंगरावर होतो. अग्नी पडला, लोक पालथे पडले, आणि इतक्या वर्षांनी पाऊस आला. आजचा अध्याय उघडला की तोच एलीया रानात एका झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागताना दिसतो. खरं सांगायचं तर हा भाग मी पूर्वी घाईघाईने वाचून पुढे जायचो. एवढा मोठा संदेष्टा, आणि असा खचला? मला ते अवघड वाटायचं. २०२० च्या एप्रिल महिन्यानंतर मात्र मला हा अध्याय ओलांडता येत नाही. का, ते पुढे सांगतो. आधी शास्त्रभाग नीट पाहू या.

एलीया दोनदा परागंदा झाला

ईजबेल राणीने निरोप पाठवला की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते. एलीया उठला आणि पळाला. तो उत्तरेकडच्या इस्राएल राज्यातून निघून थेट यहूदाच्या दक्षिण टोकाला, बैर-शेबाला पोचला. म्हणजे राज्य बदललं, राजा बदलला. आजच्या भाषेत बोलायचं तर हा सीमा ओलांडून आलेला निर्वासित आहे.

पण लक्षात घ्या, ही त्याची पहिली वेळ नव्हती. अध्याय १७ मध्येही तो असाच बाहेर होता. देशात दुष्काळ, राजा अहाब शोधावर. आधी करीथ ओढ्याजवळ लपला, मग परक्या मुलखात, सीदोनाजवळच्या सारफथ गावात एका विधवेच्या घरी राहिला. तेव्हाही तो निर्वासितच होता. पण तिथे तो मरण मागत नाही. असं का?

मी हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचले तेव्हा एक फरक दिसला. सारफथला गरिबी होती, पण घर होतं. मडक्यात रोजच्यापुरतं पीठ होतं. घरात एक लेकरू होतं. झोपायला माडी होती. कोणीतरी त्याची वाट पाहत होतं. अध्याय १९ च्या तिसऱ्या वचनात मात्र तो आपल्या चाकरालाही बैर-शेबाला ठेवतो आणि एक दिवसाची वाट एकटाच रानात जातो. पुढच्याच वचनात तो मरण मागतो.

घर सुटल्याने माणूस हलतो. पण घर सुटलेला माणूस एकटा पडला, की तो मोडतो. आजच्या मननाचा गाभा एवढाच आहे.

दोन निरोपे

आणखी एक बारीक गोष्ट. दुसऱ्या वचनात ईजबेल ज्याला पाठवते त्याच्यासाठी मूळ हिब्रूत ‘मलाख’ हा शब्द आहे. मलाख म्हणजे निरोप्या. पाचव्या वचनात झुडपाखाली झोपलेल्या एलीयाला ज्याने स्पर्श केला, त्याच्यासाठीही तोच शब्द आहे. आपल्या भाषांतरात पहिल्या ठिकाणी जासूद किंवा दूत येतो, दुसऱ्या ठिकाणी देवदूत. त्यामुळे हे साम्य आपल्या नजरेतून निसटतं. एक निरोप्या मरणाची धमकी घेऊन आला. दुसरा निरोप्या भाकर आणि पाणी घेऊन आला.

महामारीच्या दिवसांत आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर पहिल्या निरोप्याची रांग लागली होती. इतके मेले, इतके बाधित, अमुक गाव बंद, तमुक माणसाला हात लावू नका. दुसरा निरोप्या कोण होणार, हा प्रश्न मंडळीपुढे होता. मला तो नीट कळला नाही, आणि ती माझी चूक तुमच्यापुढे मांडायची आहे.

कालव्याजवळच्या कोप्या

मार्च २०२० मध्ये कंपनीने घरून काम करायला सांगितलं आणि मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून माळशिरसला आलो. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर लॉकडाऊन. मी माझ्या घरी होतो, पगार चालू होता, आईच्या हातचं जेवण होतं.

गावाच्या शिवारात, नीरा उजव्या कालव्याच्या एका फाट्याजवळ, बीडकडच्या ऊसतोड टोळीच्या सात कोप्या होत्या. कारखान्याचा पट्टा पडला होता. तोड संपली म्हणजे कमाई संपली. दरवर्षी अशा वेळी सामान बांधून ही माणसं आपल्या गावी जातात. पण त्या वर्षी जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि ती जिथे होती तिथेच अडकली. राज्यभर कारखान्यांच्या परिसरात असे एक लाखाहून जास्त ऊसतोड मजूर अडकले होते.

आमची मंडळी लहान, घरोघरी उपासना करणारी. आम्ही वर्गणी काढून तांदूळ, डाळ, तेल, मीठ, साबण अशा पिशव्या भरल्या, परवानगी घेतली आणि तिथे गेलो. एका गाडीच्या चाकाला टेकून चाळिशीचा एक माणूस बसला होता. आम्ही आलो तरी त्याने मान वर केली नाही. त्याची बायको म्हणाली, “चार दिवस झाले, बोलतच न्हाईत. भाकर म्होरं ठेवली तरी तशीच राहती.”

मी काय केलं? मी दोन हात अंतरावर उभा राहून म्हणालो, “दादा, काळजी करू नका. देवावर विश्वास ठेवा. सगळं ठीक होईल.” मग छोटीशी प्रार्थना केली. प्रार्थना संपल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “साहेब, घरी कवा सोडतेत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पुन्हा म्हणालो, “देव बघतोय, दादा.” पिशव्यांसोबत फोटो काढला, घरी आलो आणि मंडळीच्या ग्रुपवर टाकला. शंभरेक जणांनी ‘आमेन’ लिहिलं. मला बरं वाटलं. त्याच्यात काडीचाही फरक पडला नव्हता.

रात्री आईला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, “त्याची लेकरं कुठं आहेत?” मी ते विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई पिठलं-भाकरी घेऊन स्वतः आली. नाकाला पदर बांधला, अंतर ठेवून मातीतच बसली आणि म्हणाली, “भाऊ, लेकरं कुणापाशी आहेत?” बराच वेळ काही नाही. मग तो बोलायला लागला. दोन लेकरं गावी म्हातारीपाशी. म्हातारीला दिसत नाही. फोनमधला बॅलन्स संपून आठ दिवस झालेले. घेतलेली उचल पुरती फिटलेली नाही, मुकादम फोन उचलत नाही. गावच्या वेशीवर लोकांनी काट्या टाकल्यात असं ऐकलेलं. “हितले म्हणतेत जावा, तिथले म्हणतेत येऊ नका. मग आम्ही हाव तरी कुठले?”

मी तिथेच उभा राहून त्याचा फोन रिचार्ज केला. त्याने मुलीशी बोलणं केलं. मग अर्धी भाकर खाल्ली.

आई तिसऱ्या दिवशीही गेली, चौथ्याही. चौथ्या दिवशी त्याने तिला सांगितलं की रात्री सगळे झोपले की तो कालव्यापाशी जाऊन बसतो आणि नको ते मनात येतं. आई घाबरली नाही, त्याला रागावलीही नाही. तिने टोळीतल्या दोघांना सांगितलं की रात्री याला एकटं सोडू नका. आमच्या भागातल्या आशाताईंना सांगितलं, त्यांनी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी गाठ घालून दिली. तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या.

१७ एप्रिलला सरकारने ऊसतोड मजुरांना तपासणी करून गावी सोडायला परवानगी दिली. काही दिवसांनी एक ट्रक आला आणि ती टोळी गेली. पोचल्यावर त्याच्या बायकोचा आईला फोन आला, “पोचलो, मावशी. गावाबाहेर शाळेत ठेवलंय, पण लेकरं लांबून दिसली.” नंतर तो नंबर बंद झाला. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही. मी अजूनही त्याच्यासाठी प्रार्थना करतो.

ग्रुपवरचा तो फोटो मी नंतर काढून टाकला.

हे दुःख किती मोठं आहे

कायद्याच्या भाषेत ऊसतोड मजूर निर्वासित नाहीत. ते आपल्याच राज्याचे मतदार आहेत. पण त्या दोन महिन्यांत त्यांची अवस्था निर्वासितांसारखी झाली, आणि त्यामुळे खऱ्या निर्वासितांचं काय होत असेल याची थोडी कल्पना मला आली.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या मोजणीनुसार २०२० च्या अखेरीस जगात ८ कोटी २४ लाख माणसं युद्ध, छळ आणि हिंसाचारामुळे घर सोडून राहत होती. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांमध्ये ८ लाखांहून जास्त रोहिंग्या दाटीवाटीने राहतात. तिथे १४ मे २०२० रोजी पहिल्या निर्वासिताला कोरोना झाल्याचं निष्पन्न झालं. पण त्याच्या आधीच छावणीतली ये-जा आवळली गेली होती, आणि मुलांच्या शिकण्याच्या जागा बंद झाल्या होत्या. रोगाच्या आधी एकटेपणा पोचला. ग्रीसमधल्या लेस्बॉस बेटावरची मोरिया छावणी अनेक महिने निर्बंधांखाली होती. सप्टेंबर २०२० मध्ये ती जळाली आणि सुमारे १२ हजार माणसं पुन्हा एकदा उघड्यावर आली.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की युद्ध-संघर्षाच्या भागात राहणाऱ्या साधारण पाच माणसांपैकी एकाला नैराश्य, चिंता किंवा दुसरा एखादा मानसिक आजार असतो. हा अंदाज महामारीच्या आधीचा आहे. महामारीच्या पहिल्या वर्षात सगळ्या जगातच नैराश्य आणि चिंतेचे आजार २५ टक्क्यांनी वाढले, असं त्याच संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. आता ही दोन्ही ओझी एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवून पाहा.

आणि महामारीने नेमकं काय काढून घेतलं? रोजंदारी गेली, म्हणजे भाकर गेली. झोपायची खात्रीची जागा गेली. जवळ बसून ऐकणारा माणूस गेला, कारण जवळ बसणंच धोक्याचं झालं. आणि घरी परतायची तारीख गेली. एलीयाला देवाने जे जे दिलं, तेच सगळं.

देवाने काय केलं, आणि कोणत्या क्रमाने

हा क्रम मी वहीत लिहून ठेवलाय. तुम्हीही लिहून ठेवा.

पहिलं, देवाने त्याला झोपू दिलं आणि खाऊ घातलं. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि उशाशी पाणी. एलीयाने खाल्लं आणि तो परत झोपला. इथे मी असतो तर म्हणालो असतो, अरे, आता तरी उठ! देवदूत तसं म्हणत नाही. तो दुसऱ्यांदा येतो, दुसऱ्यांदा स्पर्श करतो, दुसऱ्यांदा जेवायला सांगतो, आणि कारणही सांगतो की पुढची वाट तुझ्या ताकदीबाहेरची आहे. या सगळ्यात विश्वासाचा एक शब्दही नाही. उपदेश नाही, दटावणी नाही. मरण मागितल्याबद्दल शिक्षा नाही. देवाने त्याची ती प्रार्थना मान्य केली नाही, पण ती केल्याबद्दल त्याला लाजवलंही नाही.

झोप ही किती मोठी देणगी आहे, हे ८ मे २०२० ला महाराष्ट्राने पाहिलं. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे पायी निघालेले मजूर करमाडजवळ थकून रेल्वेच्या रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं होतं. पहाटे मालगाडी आली आणि १६ जण गेले. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरलेल्या होत्या. त्यांच्याजवळ भाकर होती. सुरक्षित झोपायला चार हात जागा नव्हती. तो फोटो पाहिल्यापासून एलीयाच्या झोपेबद्दलचं हे वचन मला साधं वाटत नाही.

दुसरं, देवाने विचारलं आणि ऐकलं. होरेबच्या गुहेत देव त्याला विचारतो की तू इथे काय करतोस. सर्व जाणणारा देव विचारतो! एलीया आपलं सगळं गाऱ्हाणं मांडतो. मग वारा, भूकंप, अग्नी, आणि शेवटी ती मंद वाणी. देव पुन्हा तेच विचारतो, आणि एलीया पुन्हा तेच उत्तर देतो. शब्दही जवळजवळ तेच. म्हणजे एवढं सगळं पाहूनही त्याचं मन लगेच हललं नाही. देव तरीही त्याला मध्येच तोडत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात नवीन पोराला पहिली गोष्ट शिकवतात की आधी लॉग पूर्ण वाच, मग दुरुस्तीला हात घाल. मी त्या दादांच्या बाबतीत लॉग न वाचताच दुरुस्ती करायला गेलो होतो. आईने वाचला. खचलेला माणूस तेच तेच सांगतो. ऐकणाऱ्याने कंटाळायचं नसतं.

तिसरं, देवाने त्याचा एक गैरसमज दुरुस्त केला. एलीया म्हणत होता की मी एकटाच उरलोय. देव सांगतो, नाही. बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत. नैराश्य माणसाला जे अनेक खोटे निरोप देतं, त्यात हा सगळ्यात मोठा, की तुझं कोणी नाही. पण देवाने ही दुरुस्ती भाकरीनंतर, झोपेनंतर, चाळीस दिवसांच्या वाटेनंतर आणि दोनदा ऐकून घेतल्यानंतर केली. आपण बहुतेक वेळा याच टोकापासून सुरुवात करतो.

चौथं, देवाने त्याला परतीची वाट, काम आणि सोबती दिला. दिमिष्काच्या रानाकडे जा, याला त्याला अभिषेक कर, आणि अलीशाला आपल्या जागी घे. ज्याने चाकराला मागे ठेवलं होतं, त्याला देवाने माणूस परत मिळवून दिला. इथून पुढे एलीया एकटा चालत नाही.

गंमत पाहा, आपत्तीत मानसिक आधार कसा द्यावा याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २००७ मध्ये मदत संस्थांनी मिळून तयार केली. त्यात एक पिरॅमिड आहे. तळाशी अन्न, निवारा, सुरक्षितता. त्याच्या वर कुटुंब आणि समाजाचा आधार. त्याच्या वर प्रशिक्षित माणसाने जवळ बसून दिलेली मदत. टोकाला मानसोपचारतज्ज्ञ. तळ सोडून टोक उभं राहत नाही. आणि टोकही लागतंच, ते नको असं नाही.

केडगावची आठवण

कोणी म्हणेल, साथीच्या काळात हे सगळं करणं शक्य आहे का? आपल्याजवळच उदाहरण आहे. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावला तुमच्यापैकी काही जण मुक्ती मिशनला जाऊन आलेही असाल.

पंडिता रमाबाई स्वतः दुष्काळाने परागंदा झालेल्या होत्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण गेली. त्या आणि भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी देशभर पायी फिरले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. दोन वर्षांत भाऊही गेला. १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात लहान मनोरमा. त्यांना एलीयाचं झुडूप कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना आधार द्यायचा निश्चय करून त्यांना आणू लागल्या. त्याच वेळी मुंबईतून प्लेग पुण्यात आला होता. प्लेगच्या निर्बंधांमुळे इतक्या जणींना शहरात ठेवणं शक्य होईना. अंगावर मांस नसलेल्या, आईबाप गमावलेल्या मुली, आणि शहर म्हणतंय आत आणू नका. रमाबाईंनी त्यांना केडगावच्या आपल्या शेतावर नेलं. आधी निवारा, जेवण, शुश्रूषा. मग शाळा, शेती, विणकाम, पुढे छापखाना. तिथून मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही तिथे आल्या.

साथ होती म्हणून दार बंद ठेवावं लागलं, हे खरं. पण रमाबाईंनी एक दार बंद झाल्यावर दुसरं शोधलं.

नैराश्य म्हणजे अविश्वास नव्हे

काही घरांत अजूनही म्हणतात की प्रार्थना कमी पडते म्हणून मन उदास होतं. आजचा अध्याय याच्या विरुद्ध साक्ष देतो. ज्याच्या प्रार्थनेने स्वर्गातून अग्नी पडला, तोच माणूस मरण मागत होता. त्याची प्रार्थना कमी नव्हती. तो थकला होता, पळून पळून भुकेला होता आणि एकटा होता.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन लागत नाही, झोप नाही, घास उतरत नाही, कशातच रस नाही, असं असेल तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. गोळी घेणं म्हणजे देवाला सोडणं नव्हे. निखाऱ्यावरची भाकरही औषधच होती. कोणी जगायचं नाही असं बोलत असेल, तर ‘असं बोलू नये’ म्हणून विषय संपवू नका. शांतपणे विचारा, ऐका, त्याला एकटं सोडू नका, आणि दवाखान्यात घेऊन जा. आता १४४१६ हा टेलिमानस सेवेचा फोन नंबर आहे. तो कधीही लावता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. मोबाईलमध्ये आजच सेव्ह करून ठेवा. तुमच्यासाठीही, दुसऱ्यासाठीही.

२०२० च्या आषाढीला आमच्या माळशिरसच्या रस्त्यावरून माउलींची पालखी चालत गेली नाही. ३० जूनला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. लाखो पावलं ज्या रस्त्यावरून जातात तो रस्ता रिकामा पाहून गावातल्या म्हाताऱ्या माणसांना रडू आलं. मी तेव्हा विचार केला, एका वर्षाची वाट चुकली तर आपल्याला एवढं तुटल्यासारखं वाटतं. ज्यांची घरची वाटच कायमची बंद झाली, त्यांचं काय?

दरवर्षी हंगाम सुरू झाला की कोप्या पुन्हा उभ्या राहतात. या वर्षीही राहतील. महामारी संपली, पण घरापासून लांब राहणं संपलेलं नाही. बाळ येशूही हेरोदाच्या भीतीने मिसरात परक्या मुलखात वाढला (मत्तय २:१३-१५). ज्याला आपण प्रभू म्हणतो, त्याचं लहानपण अशाच कोणत्या तरी कोपीत गेलं असेल.

मननासाठी प्रश्न

१. मी शेवटचं कोणाला उपदेश आधी केला आणि विचारपूस नंतर केली, किंवा केलीच नाही?
२. माझ्या गावात, गल्लीत, बांधकामावर, वीटभट्टीवर बाहेरून आलेली कोणती माणसं आहेत? त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव मला माहीत आहे का?
३. मी स्वतः झुडपाखाली बसलो असेन, तर ते कोणाला सांगितलंय?

आजचं पाऊल

घरापासून लांब असलेल्या एका माणसाजवळ आज दहा मिनिटं बसा. काहीतरी खायला न्या. ‘लेकरं कुठं आहेत?’ एवढंच विचारा, आणि मग गप्प बसून ऐका. फोटो काढू नका.

प्रार्थना

हे दयाळू पित्या, झुडपाखाली झोपलेल्या तुझ्या सेवकाला तू रागावला नाहीस, त्याला भाकर दिलीस, याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. आज जी माणसं छावणीत, कोपीत, रस्त्याच्या कडेला किंवा आपल्याच घरात एकटी पडून मरण मागत आहेत, त्यांच्याकडे तुझा निरोप्या पाठव. तो निरोप्या होण्याची वेळ आमच्यावर आली, तर आम्हांला आधी बसायला आणि ऐकायला शिकव. माझ्या घाईच्या शब्दांची मला क्षमा कर. त्या दादांना, त्यांच्या लेकरांना, त्या म्हाताऱ्या आईला तू सांभाळ. येशूच्या नावात मागतो. आमेन.

उद्याचं वाचन : १ राजे १९:१९-२१. अलीशा नांगर सोडून येतो, ते उद्या पाहू.